कोयलीच्या कुंपणाबाहेर

गोरव्यातल्या खोलीत पहिलं वर्षभर
मी देवगडच काढत राहिलो:
जांभ्याचा गडगा, खाडी, सुकत घातलेली जाळी.
आठवून आठवून समुद्र
पाणी वाढवलेल्या ताकासारखा झाला.

मग एकदा शेवटची बस चुकली.
चालत निघालो रिफायनरीच्या भिंतीकडेने,
आणि उंचावरची ती ज्वाळा
डबक्यात उलटी पेटलेली दिसली.
भगवी नव्हे, केशरीही नव्हे,
हापूस खाऊन झाल्यावर
कोयीच्या केसांत अडकून राहतो
तो रंग.
तो माझ्याकडे होता.

आता दर रविवारी जातो.
वासाची सवय नाकाला होते,
शर्टाला होत नाही.

पहारेकरी देसिंग राठवा म्हणाला,
फोटो मना आहे.
म्हटलं, हा फोटो नव्हे.
त्यानं पाटी पुन्हा वाचली,
आणि खुर्ची जवळ ओढली.
कागदावर गॅसच्या गोल टाक्या,
काटकुळ्या पायांवर उभ्या.
बराच वेळ बघून विचारलंन,
"घोडानां मोढां क्यां?"

त्याच्या गावी, छोटा उदेपूरकडे,
नवस फेडायचा तर भिंतभर घोडे लिहितात.
काढतात नाही, लिहितात.
घोड्यांवाचून भिंत मुकी.

मी हसलो. खोलीवर आलो.
रात्री नळांच्या रेघा मारताना
एकीची मान वाकली.
खोडरबर हाताशी होतं.
खोडली नाही.

हिरव्याच्या ट्यूबचं झाकण
केव्हाचं घट्ट बसलंय, असू दे.
उद्या देसिंगला विचारायचंय,
एवढे घोडे
पाण्यावर कुठं नेतोस?