शून्य ते तीस

बडोद्याला, मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत,
पत्र्याखाली माझं टेबल.
पेट्यांवर शेवटचा हात माझा फिरतो.
शून्य ते तीस व्होल्ट, दोन अँपिअर,
कॉलेजांच्या प्रयोगशाळांसाठी.
मीटर जोडायचा, आतला स्क्रू
केसभर फिरवायचा:
काटा पाचावर म्हणजे पाचावरच.

मग लाल आणि काळ्या टर्मिनलमध्ये जाड तार घालून
मुद्दाम शॉर्ट करायचं.
"हेमाबेन, बाळशो नहीं," जसवंतभाई दरवेळी म्हणतात.
पेटी जळत नाही.
व्होल्टेज मुकाट शून्यावर उतरतं, बारका दिवा लागतो,
तार काढली की पुन्हा पहिल्यासारखं. रुसणं नाही.
पोरं चुकणार, हे धरूनच बनवलेली वस्तू.
(माझ्या सासरी असलं काही बसवलेलं नव्हतं.)

परवा एक पेटी परत आली,
दाहोदच्या कॉलेजातून, गोणपाटात शिवून.
चिठ्ठीवर एवढंच: बंद आहे.
झाकण काढलं. आत एक पाल, वाळून पापड झालेली,
ट्रान्सफॉर्मरच्या उबेला आली असेल.
आणि झाकणाच्या आतून, पेन्सिलीनं,
हे. मा. १४-६-०३.
तेव्हा मी माने होते.

फ्यूज गेला होता. एक कपॅसिटर फुगला होता.
दोन्ही बदलले.
पुढची बाजू ओल्या फडक्यानं पुसताना दिसलं,
नॉबभोवतीची छपाई पाचापाशी पार उडालीय,
बारापाशी थोडी.
किती बॅचेसची बोटं, किती परीक्षांचा घाम.
कुणी कंपासच्या टोकानं मयूर कोरलंय,
कुणी मयूरवर फुली मारलीय.
पण विसाच्या पुढे आकडे कोरे करकरीत.
तिकडे कुणी गेलंच नाही.
सर म्हणाले पाच, ठेवलं पाच.

जसवंतभाई चहा सांगायला बाहेर गेले होते.
मी नॉब धरला.
एकवीस, चोवीस.
पुढे जरा जड जात होता,
काटा मधेच बिचकून मागे आला,
पुन्हा निघाला.
सत्तावीस. आत बारीक घूं सुरू झालं.
तीस.

टर्मिनलांना काहीच जोडलेलं नव्हतं.
राहू दिली तशीच, तिसावर,
कप येईपर्यंत.

मग पाचावर आणली, बंद केली.
झाकण लावण्याआधी जुन्या सहीखाली पेन्सिल टेकवली,
आडनावापुरती जागा होती.
तारीख घातली फक्त.