सात नंबरचा बिल्ला

ऐनिक्की, खुर्ची डावीकडे कलते, सवय होईल.
कपाटाची किल्ली मगमध्ये. कॉफीचं यंत्र मंगळवारी रुसतं.
आणि हा सर्व्हर,
माझ्या हातचं सी, थोडं वेडंवाकडं,
सव्वीस हिवाळे बर्फाची जाडी ऐकत बसलेलं.

खाडीत एकोणीस खांब आहेत.
थंडी पडली की एकेक जण येऊन दार ठोठावतो
आणि मग रात्रभर उंबऱ्यातच उभा राहून सांगत राहतो:
एकेचाळीस सेंटिमीटर. एकेचाळीस. बेचाळीस.
कर्नल दार उघडतं आणि आपल्या हातावर ठेवतं
एक आकडा.
आकडाच फक्त.
शून्य, एक, दोन ही घरचीच माणसं,
पाहुण्यांची मोजणी तीनपासून.

कोण आलं, कुठल्या पाण्यावरून आलं,
मघाशी काय बोलत होतं,
त्या आकड्याला विचारू नकोस.
त्याला खिसा नाही.
आपलं काही त्याच्यापाशी ठेवायला दिलं
तर कर्नल मान वर करूनही बघत नाही.
लक्षात ठेवायचं ते आपण ठेवायचं,
आपल्या बाजूला, आपल्या अ‍ॅरेत,
साताचं सातव्या खणात.

माझी आई ओउलूच्या नाट्यगृहात कोट सांभाळायची.
पितळी बिल्ले, लाकडी खुंट्या, ओल्या लोकरीचा वास.
रिकामी खुंटी शोधताना ती नेहमी पहिल्यापासून बघे,
जी आधी सापडेल ती.
एकदा मध्यंतरातच कंटाळून दातांचे डॉक्टर घरी गेले,
बिल्ला दिला, कोट घेतला, मफलर खुंटीवरच.
सात नंबर लगेच दुसऱ्या कुणाला.
नाटक सुटल्यावर पोस्टातल्या बाई घरी गेल्या
डॉक्टरांच्या मफलरसकट,
आणि गावाला तीन आठवडे दुसरा विषय नव्हता.
कुणाची म्हैस, कुणाला उठाबस!
आई सांगायची आणि मी हसायचो.

फेब्रुवारीत, उणे एकतीसला,
अकराव्या खांबाची बॅटरी मेली.
तो सामुद्रधुनीच्या तोंडाशी, खाली प्रवाह,
तिथला बर्फ कधीच भरवशाचा नसतो.
मी त्याचं दार लावलं. नीट लावलं.
सातवा खण मात्र तसाच ठेवला.
पुढच्याच क्षणाला चौथा खांब आला, किनाऱ्यालगतचा,
बासष्ट सेंटिमीटरचा धट्टाकट्टा,
कर्नलनं पहिला रिकामा आकडा दिला: सात.
खण भरलेला दिसला,
म्हणून माझ्या प्रोग्रॅमनं त्याला नावच विचारलं नाही.
रात्रभर चौथा बोलत होता
अकराव्याच्या तोंडाने.

पहाटे रस्ता उघडला.
उर्याना दुधाची गाडी घेऊन बेटाकडे निघाला,
पट्टा सोडलेला, दार किलकिलं, बर्फावर जातात तसा.
सामुद्रधुनीपाशी त्यानं इंजिन बंद केलं आणि ऐकत राहिला.
मग मला फोन केला. ओरडला नाही.
म्हणाला, "तुझा आकडा खरा असेल,
पण हा त्या आकड्याचा बर्फ नाही."
आणि गाडी मागे घेऊ लागला,
चाकांच्या आपल्याच खुणांवरून, चार किलोमीटर,
तेवढा वेळ फोन चालूच.

दुरुस्ती तीन ओळींची निघाली.
क्रम बदलू नकोस एवढंच सांगतो:
आधी खण रिकामा, मग दार बंद.
उलट केलंस तर मधल्या फटीत
दुसरा थ्रेड तोच आकडा घेऊन आत येतो
आणि तू त्याचंच सामान बाहेर फेकतेस.
शेजारी एक पिढीही मोजते आहे मी लिहिलेली ओळ,
हा कितवा सात, ते कळायला.
ती अडगळ वाटेल. काढू नकोस.

आणखी एक.
ऑफिसनं तुला माझाच फोन नंबर दिलाय,
रिकामा झाला होता ना.
उर्याना दर पहाटे पाचला विचारतो, जाऊ का?
तो माझं नाव घेऊनच बोलायला लागेल.
त्याला थांबव.
आधी तू कोण ते सांग,
मग सेंटिमीटर.