चौतीस मिनिटं

तहान लागल्यावर विहीर खणू नये,
एवढं शहाणपण मला साठीनंतर आलं.
म्हणून एका मंगळवारी, निकल ठणठणीत असताना,
माझ्या पायाशी लोळत सफरचंदाची फोड चघळत असताना,
मी फोन घेऊन बसले,
टास्मानियाच्या या टोकाला
रात्री-अपरात्री उघडणारं एखादं दार शोधायला.

पहिल्या दवाखान्यात आधी नुसतं संगीत वाजलं,
मग एक गोड आवाज म्हणाला, आम्ही साडेपाचला बंद करतो.
साप घड्याळ बघून निघत नाहीत, मी म्हणाले.
गोड आवाजाला त्याचं उत्तर
समोरच्या छापील कागदावर सापडलं नाही.

दुसरा होबार्टला. सगळा काचेचा.
मत्स्यालयातले मासे माझ्या गाडीहून महाग.
यंत्रं होती, पदव्या होत्या, भिंतभर हसरी कुत्री होती;
वाईट काहीच नव्हतं, खोटं कशाला बोलू.
पण माझ्या फाटकापासून दीड तास,
आणि विषाला वाटेत सिग्नल लागत नाही.

तिसरा ट्रॅक्टर दुरुस्तीच्या शेडमागे.
घंटा गंजलेली. बाकाला बांधलेली एक शेळी,
मालकापेक्षा शांत.
डॉक्टर ब्रॉनविन टुली, बाहीला वाळकं गवत.
विजेच्या बिलामागे लिहून नेलेलं मी वाचून दाखवलं:
रात्री तीनला फोन कोण उचलतं?
उचलणारं माणूस इथंच असतं, की दूर कुठे अंथरुणात?
विषावरचा उतारा आहे का? किती कुप्या?
पैसे आधी, की जनावर आधी?

तिनं फ्रीजच उघडून दाखवला.
दोन कुप्या, शेजारी तिचा जेवणाचा डबा.
"किंमत ऐकून घाबराल," म्हणाली, आणि आकडा सांगितला.
घाबरले. पण दिवसाउजेडी घाबरले, ते बरं झालं.
मग तिनं मला एकच विचारलं:
"हा रस्ता कधी अंधारात चालवलाय?"

नव्हता.
त्याच रात्री चालवला, निकल मागच्या सीटवर.
फाटकाची कडी, अडकणारी.
लाकडी पूल, चेरीच्या बागा, मग ते वळण
जिथं वॉलबी दिव्यांकडे बघत उभ्या राहतात,
जणू आपणच त्यांच्या अंगणात शिरलोय.
शिरलोच आहोत.
चौतीस मिनिटं.
आतला दिवा जळताना पाहिला आणि गाडी वळवली.
निकलला वाटलं, काय झकास सहल.
सकाळी कडीला तेल घातलं.

फेब्रुवारीत फाटक वाजलं.
डेझमंड प्रॉबिन.
कुंपणावरच्या सायप्रसपायी
अकरा वर्षांचा अबोला आमचा.
शर्टात गुंडाळलेली त्याची म्हातारी टेरियर,
मागचे पाय गळालेले, बुबुळं रुंद, काळी.
"तुझ्याकडे..." एवढंच म्हणाला.
अकरा वर्षांनी वाक्य तरी कुठून सुरू करायचं.

मी किल्ली घेतली. "तिला हलू देऊ नकोस.
हा नंबर लाव. सांग, निघालोय."
पूल. चेरी. वळण.
वॉलबी होत्याच. मी आधीच वेग कमी केला होता.
"एवढा पाठ कसा तुला रस्ता?"
"सराव केला होता. निकलसाठी."
तो काही बोलला नाही.
तिच्या बरगड्यांवर हात ठेवून
श्वास मोजत राहिला, ओठ हलवत.

ब्रॉनविन दारातच, हातमोजे घालून.
एक कुपी. बऱ्याच वेळानं दुसरी.
त्याचा चष्मा घरीच राहिलेला,
म्हणून फॉर्म मी भरत गेले, तो सांगत गेला:
नाव मॉड. वय चौदा. भीती, वादळाची.
तसा रकाना नव्हता. मी समासात लिहिलं.
"अडीअडचणीला कुणाला कळवायचं?"
तो छताकडे बघत राहिला.
मग म्हणाला, "तुझंच लिही."

पहाटे शेळीच्या बाकावर
आम्ही मशीनची कॉफी प्यायलो. भिकार होती.
सायप्रसचं नाव कुणीच काढलं नाही.
आतून भुंकणं ऐकू आलं,
एकदाच,
मॉडचं की दुसऱ्या कुणाचं, कळेना.
आम्ही दोघंही उठून उभे राहिलो.