एकही वायर

"एकही वायर दिसता कामा नये," इर्या कोसोनेन म्हणाल्या,
मग स्वयंपाकघराकडे एक नजर, आणि आवाज खाली:
"शोभेसाठी नाही हो.
वाइनो ओढतो."

डुलुथमधला मार्च. चढावरचं लाकडी घर.
सरोवर अजून कडेकडेने गोठलेलं.
वाइनो ब्याऐंशीचा. अडतीस वर्षं
खनिजाच्या धक्क्यावर वायरमन.
बायकोचं नाव त्याला कधी सापडतं, कधी नाही,
पण वायर दिसली की माग काढत जातो,
दिव्यापासून प्लगपर्यंत, बोटांनी, सावकाश.
पोचला की उपटतो.
या हिवाळ्यात फ्रीज तीनदा.
एकदा तिचं श्वासाचं यंत्र, रात्री.

मी भिंत ठोकून पाहिली. पोकळ, पोकळ, भरीव.
जुनं काम: लाकडी पट्ट्या, त्यांवर गिलावा.
चुंबक फिरवत खिळ्यांची रांग शोधली,
रांग म्हणजे वासा. वाशाच्या बाजूला
वर एक भोक, खाली एक,
मधून चुंबक बांधलेली साखळी सोडायची
आणि खालून पकडायची. एवढंच.
(टीव्हीची स्वतःची दोरी भिंतीत घालायची नसते,
आग लागते. त्याला वेगळी केबल, वेगळी पेटी.
कुणी विचारत नाही. मी सांगतोच.)

साखळी चार-साडेचार फूट सरळ उतरली
आणि अडली.
हिसका दिला. जड.
वर ओढली तर टोकाला
तीन पाती लटकत आली, दाढीची, दुधारी, गंजून काळी,
बर्फातल्या भोकातून मासे यावेत तशी.

भिंतीला कान असतात म्हणे.
पोट असतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

पलीकडे न्हाणीघर. आरशाच्या कपाटात, मागच्या बाजूला
नाण्याच्या जाडीची एक फट.
जुन्या घरांत असायची. बोथट पातं त्यातून सारायचं,
की ते जगातून गेलं.
जगातून म्हणजे इथे.
खालचं भोक कापून टॉर्च धरला:
दोन वाशांच्या मध्ये दीड वीत ढीग,
एकमेकांना चिकटलेली, जणू कोणी रचून ठेवलेली.

वाइनो कधी मागे येऊन उभा राहिला, कळलं नाही.
वाकला. माझ्या हातातल्या तिघांकडे पाहिलं.
"सोमवार," म्हणाला.
दुसऱ्यावर बोट ठेवून, "सोमवार."
तिसऱ्यावरही.
इर्या दारातूनच बोलल्या,
"दर सोमवारी बदलायचा. कामावर जायच्या आधी."
आणि पुढे काहीतरी म्हणणार होत्या,
पण किटली ओरडायला लागली.

जाड हातमोजे घालून उपसत राहिलो.
कॉफीचा डबा भरला, दुसरा भरला.
केबलच्या वाटेतली सगळी काढली.
कोपऱ्यातली तशीच राहू दिली,
तिथपर्यंत हात जात नव्हता
असं मी स्वतःला सांगितलं.

दुपारी चित्र लागलं. हॉकी.
पांढऱ्या मैदानावर माणसं धावत होती
आणि पडद्याखाली नुसती भिंत, स्वच्छ,
कोणत्याही वायरीचा मागमूस नसलेली.
वाइनो उठला.
पडद्याच्या खालच्या कडेवरून बोटं फिरवली.
डावीकडे. उजवीकडे.
मला एकदम चोरी केल्यासारखं झालं;
म्हाताऱ्याचं एवढं एकच काम उरलं होतं.

मग त्याने तळवा भिंतीला टेकवला
आणि खाली नेऊ लागला, सरळ, न चुकता,
आतून जिथे केबल जाते अगदी त्याच रेषेवरून.
शेवटच्या वीतभर जागेत तिला मी वळवलं होतं,
उरलेल्या ढिगाला वळसा घालून.
हातही तिथे वळला.

दोनदा ठोकलं त्याने. ऐकलं.
माझ्याकडे बघून म्हणाला,
"ताण ठेवू नकोस तिथे. थोडी ढिली सोड."
ढिलीच सोडली होती. तसं सांगितलं.
त्याने मान डोलावली,
जशी मुकादम डोलावतो, कौतुक न करता,
आणि जाऊन हॉकी बघत बसला.

पावतीवर लिहिलं: केबल तीन, पेटी एक, चार तास.
पात्यांचं काही लिहिलं नाही.
डबे व्हॅनमध्ये आहेत अजून.
चढ उतरताना वाजतात.