मध्यंतरापासून पुढे

विट्याच्या रेवणसिद्ध टॉकीजला
एकोणीस वर्षं मी तिकिटं विकली.
खिडकी एवढीशी. माणसं मला मनगटापर्यंतच माहीत:
मागावरून सुटलेली, सुताचा भुगा चिकटलेली बोटं,
सुट्टीवर आलेल्या गलाईवाल्यांची, अंगठीसकट,
आणि कुणाचीतरी मेंदी, चिल्लर घट्ट धरलेली.

गल्ला जुळेपर्यंत निम्मा सिनेमा संपायचा.
म्हणून माझी मतं सगळी मध्यंतरापासून पुढची.
आधीच सांगितलेलं बरं.

कोण कुणाचा भाऊ, वैर कशावरून,
मी कधी पाहिलं नाही.
अंधारात शिरायचे तेव्हा लोक रडतच असायचे
आणि मी दाराशी उभी, कारण शोधत.

तुम्हाला आवडतात ते पंचवीस आठवडेवाले
मला नाही आवडत. हाऊसफुलचा बोर्ड मीच लावायचे, तरीही.
त्यांत शेवटी सगळे एका फोटोत मावतात.
मला आवडला तो ‘गुरुवारचं दळण’.
चार दिवस चालला.
पोस्टरवर नटीचं नावसुद्धा नव्हतं.

मी आत गेले तेव्हा एक बाई गिरणीत बसलेली,
डबा भरलेला, पीठ गार झालेलं,
आणि ती उठत नव्हती.
गिरणीवाला विचारतो, घरी कुणी वाट बघत नाही का?
ती डब्याचं झाकण लावते. इतकंच.
पुढं पाऊण तास ती घरी जाते.
रस्ताच आहे सगळा.
खालनं कुणी ओरडलं, ‘रिक्षा कर की गं!’
सगळे हसले. मीही हसले.
मग रात्री भाकरी थापताना हात थांबला.

तिच्या घरी काय झालं होतं
ते पहिल्या भागात असणार.
मी तिच्यासाठी नऊ-दहा कारणं रचली.
चौथ्या दिवशी दादू गुरवाला खिडकीत बसवलं,
सात रुपये माझ्याच गल्ल्यात टाकले,
बाल्कनीचं तिकीट घेतलं. गजरा माळला होता.
दारावरच्यानं फाडलं नाही, म्हणाला, तुमचंच थेटर.
वर गेले, तर पडद्यावर कुस्तीचा फड.
पेटी सकाळच्या एसटीनं कराडला गेलेली.

आता गाण्यांचं.
खेळ सुरू व्हायच्या आधी ऑपरेटर दस्तगीर नदाफ
एकच कॅसेट लावायचा, ‘दुसरी खुंटी’,
मिरजेच्या कुणी इंदुमती काळगे.
पाच गाणी, मग घंटा, मग पडदा.
तीनदा तुटली, तीनदा चिकटपट्टीनं जोडली,
पण एकोणीस वर्षं ए बाजूच.
दुसऱ्या गाण्यात सतार जरा उतरलेली आहे, मान्य.
तिसऱ्यात ती श्वास घेते तो ऐकू येतो,
कुणी कापला नाही.
त्या श्वासासाठी मी सुटे पैसे उशिरा द्यायचे.
लोक म्हणायचे, बंद करा हो ते रडगाणं.

टॉकीज पाडलं. तिथं आता मंगल कार्यालय आहे.
निघताना दस्तगीरनं कॅसेट माझ्या हातात ठेवली.
घरी पहिल्यांदाच उलटी करून लावली.
बी बाजू वाईट आहे. स्पष्ट सांगते.
ढोलकी कशाला आणली कळत नाही
आणि शेवटचं तर पतसंस्थेच्या उद्घाटनाचं गीत.
तरी संपेपर्यंत बसले.
माणसाचं एकदा सगळं ऐकून घ्यावं.

परवा भाच्यानं मोबाईलवर ‘दळण’ शोधून काढला.
‘आत्या, पहिल्यापासून आहे,’ म्हणाला.
पाट्या सुरू झाल्या. नटीचं नाव आलं,
वाचेपर्यंत गेलं.
मग एक बंद दार, आतून कुणीतरी खोकतंय.
मी म्हटलं, थांब.

कोण असेल? सासरा? नवरा?
माझ्या दहा कारणांत खोकणारं कुणीच नव्हतं.
पोरगं बोट काचेवर धरून बसलंय,
दार तसंच बंद,
चार्जिंग सात टक्के, सांगतंय.

चष्मा पुसला.
लाव, म्हटलं. आवाज जरा कमी कर.