पाणी शेवटी

कणकवलीहून कालवून आणलेलं काँक्रीट
शिरगावच्या वळणांवरच आळतं,
म्हणून ही गाडी सगळं सुटं घेऊन येते.
वाळू एका कप्प्यात, खडी दुसऱ्यात,
सिमेंट वर, झाकणाखाली, कोरडं.
दीड तास शेजारी शेजारी
आणि एकमेकांना हात न लावता.

तांबळडेगला ओहोटी सव्वाअकराची.
धक्क्याच्या सळ्या उघड्या, कालवं चिकटायच्या आधी
झाकायला हव्यात.
टाकीत पाणी कमी. मी नवा सुपरवायझर,
खाडीकडे बोट केलं.
अन्वर होडेकर हसला नाही.
"मीठ सळीला आतून खातं, साहेब.
कळतं वीस वर्षांनी."

मग शेवंती तारीच्या विहिरीत पाइप.
त्याने बोट बुडवून चाखलं,
थुंकला,
परत चाखलं. मान हलवली.

"भरती कोणासाठी रवना नाय,"
कठड्यावरून ती ओरडली, आणि पट्टा सुरू झाला.
मळसूत्राच्या त्या हातभर पन्हाळीत
तिघं पहिल्यांदा भेटली,
वरून गोडं पाणी.

दोनला धक्का भरला. लाट पायथ्याशी आली.
शेवंती घमेलं घेऊन उभी:
दोर घासतो तिथे कठडा फुटलाय,
"उरलां असात तर."
ह्या गाडीत उरत नाही काही.
अन्वरने काटा मागे घेतला, कळ दाबली,
एक घमेलं केलं. एकच.

तिने बांगड्या कोपरापर्यंत सारल्या,
तळहाताने थापलं, भाकरी थापतात तसं नाही,
जरा रागानं.
"सात दिवस पाणी मारा," मी म्हणालो.

तिने वर पाहिलं.
"खयचां? खाडीचां?"