प्रयोगशाळेतून आणलेल्या दोन वस्तू

शनिवारी कॉलेज सुटताना
फिजिक्सच्या कपाटातून दोन वस्तू उचलल्या,
व्हर्नियर आणि स्टॉपवॉच,
आणि रजिस्टरात काहीच लिहिलं नाही.
बावीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा.

संध्याकाळीच, काही उघडण्याआधी,
चोपडा रस्त्यावर मोजून आलो:
शून्य ते ऐंशी, चौदा पॉइंट नऊ.
कोकिळाच्या हातात घड्याळ, माझ्या हातात चाक.

मे महिन्यात अमळनेरचा पत्रा
रात्री अकरापर्यंत खाली बघू देत नाही.
म्हणून ओट्यावर मांडली थ्रॉटल बॉडी,
आमच्या जुन्या झेनची,
पितळी परातीत, म्हणजे स्क्रू हरवणार नाहीत.
रॉकेलनं काजळी गेली
आणि दिसलं कारखान्यात कुणीतरी
घाईत सोडून दिलेलं काम:
ओतकामाची कड, नखाला अडेल एवढी,
आणि हवेच्या वाटेत आडवी दांडी
अख्खी, जाड, गरज नसताना.

समोरचे धुडकू आप्पा
शतपावली करता करता थांबले.
"गाडीनी नरडी कापी ऱ्हायना का, भो?"
कापत नाही आप्पा, मोठी करतोय.
"मंग ती जास्त खाई."
आणि निघून गेले. खरंच होतं ते.

गोल घासायला गोलच काहीतरी लागतं.
कोकिळा आत जाऊन लाटणं घेऊन आली,
तिच्या माहेरचं, मधे झिजलेलं.
त्यावर गुंडाळला एकशेवीसचा पेपर,
मग दोनशेवीस, मग चारशे, पाणी लावून.
ती टॉर्च धरून बसली.
डास मारायला हात हलवायची
तेव्हा उजेड भिंतीवर जाऊन परत यायचा
आणि मी तेवढा वेळ थांबायचो.

जिथं झडप मिटते
तिथं मात्र हात लावायचा नाही.
तिथं केसभर गेलं
तर गाडी जन्मात शांत उभी राहणार नाही.
हे मी तिला समजावत होतो
आणि समजावता समजावता
केसभर गेलंच.

दांडी कानशीनं पातळ केली,
आठ मिलिमीटरची साडेपाच.
झडपेचे दोन स्क्रू, ज्वारीच्या दाण्याएवढे;
सुटले तर सरळ इंजिनाच्या पोटात.
त्यांना निळ्या गोंदाचा एकेक थेंब,
आणि वाळेपर्यंत आम्ही दोघं
काही न बोलता परातीकडे बघत बसलो.
असं शेवटचं कधी बसलो होतो?
पोराचा ताप उतरायची वाट बघत, बहुतेक.

सकाळी गाडी सुरू झाली, पण
नऊशे, चौदाशे, नऊशे, चौदाशे,
नाव आठवत नसलेल्या माणसासारखी.
स्क्रू पाव आटा मागे, अर्धा पुढे.
मग जराशी थरथरत राहिली. चालेल म्हटलं.

चोपडा रस्ता, रविवार, रिकामा.
दाबला पाय.
"चौदा पॉइंट एक!" कोकिळा ओरडली.
मी स्टिअरिंगवर थाप मारली,
तापीच्या पुलापाशी थांबून
अख्खं टरबूज घेतलं, भाव न करता.

येताना म्हटलं, आता तू चालव, मी घड्याळ धरतो.
तिनं नीट चालवली, माझ्यापेक्षा बरी.
ऐंशीवर काटा टेकला, मी अंगठा दाबला:
चौदा पॉइंट आठ.

पोरांना मी दरवर्षी शिकवतो,
अंगठ्याची चूक धरा, शून्य पॉइंट दोन.
सात दशांश ही चूक नव्हे.
"किती?" तिनं विचारलं, रस्त्यावरची नजर न काढता.
मी घड्याळ शून्यावर आणलं.
"चौदाच," म्हटलं. "जरा कमीच."
ती हसली नाही,
पण गिअर बदलला तो फार हलक्या हातानं.

सोमवारी दोन्ही वस्तू कपाटात ठेवल्या
आणि रजिस्टर काढून मागची तारीख घातली:
नेले, आणले, सही.
शेऱ्याच्या रकान्यात थोडा वेळ पेन अडलं.
मग लिहिलं,
स्टॉपवॉच व्यवस्थित चालते.